बारा डबे, तीन पाणी

ज्याला डबा उघडता येतो त्याला दुकानही उघडता येतं, असं अविनाशनं एका बुधवारी जेवताना ठरवलं. ठरवून गप्प बसायचं, तर बोलूनही दाखवलं. पुढे जे झालं त्याला तोच जबाबदार, असं धामणगाव बढ्यातली सगळी म्हातारी माणसं सांगतात. (त्यांचं काय, पाऊस लांबला तरी मोबाइलवाली पोट्टीच जबाबदार असतात.)

अविनाश बावीस वर्षांचा. संभाजीनगरला हॉटेल मॅनेजमेंट शिकायला गेला आणि दुसऱ्या वर्षी सोडून आला. तिथं त्याला नॅपकिनच्या अठरा घड्या घालता येऊ लागल्या होत्या. मोर, कमळ, होडी, सगळं. आणि गावात तर जेवल्यावर माणसं हात धोतराला पुसतात. त्याचे वडील किसनराव अजूनही लोकांना "पोरगा सुट्टीवर आला" असंच सांगत. सुट्टीला अकरावा महिना लागला होता.

किसनराव एसटीच्या स्टँडवर वाहतूक नियंत्रक होते. रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण मनगटावरचं घड्याळ आणि तोंडावरची कुरबुर दोन्ही तशीच ड्यूटीवर होती. घरात कोण किती वाजता उठलं, संडासात किती मिनिटं बसलं, सगळं त्यांना पाठ. स्वतःच्या पोराच्या डोक्यात काय चाललंय तेवढं सोडून.

घराला रस्त्याकडून एक गाळा होता. त्यात रिकामी पोती, मोडका फवारणी पंप आणि उंदीर राहत. अविनाशला हा गाळा पाहिजे होता.

"तिथं काय करशीन?" किसनरावांनी विचारलं.

"जेवन देईन. दहा मिनटात. मासोळीचं."

"दहा मिनटात मासोळी धरनातून वर बी येत नाही."

"धरनातली नाही बाबा, डब्यातली. शिजवेलच येते. डबा खोलला, कांदा कापला, झालं."

तव्यावर भाकर टाकता टाकता रुखमाबाईंचा हात थांबला. त्या अविनाशची आई, माळकरी. घरात मासोळीचं नावसुद्धा चुलीपासून चार हात लांब घ्यायचं, असा नियम. खाणाऱ्यांनी मागच्या अंगणात जायचं, तिथं वेगळी चूल, वेगळी भांडी, आणि रांधायचंही आपलं आपण.

किसनरावांनी घड्याळ पाहत घास संपवला. मग म्हणाले, "रविवारी दादाले बोलावतो. त्यायनं खाऊन हो म्हनलं, तं गाळ्याची किल्ली तुही. नाही म्हनलं, तं सोमवारपासून त्यायच्या दुकानात."

दादा म्हणजे किसनरावांचे थोरले भाऊ अर्जुनराव, अविनाशचे मोठेबाबा. त्यांचं कृषी केंद्र होतं. युरियाची पोती उचलायला माणूस टिकत नव्हता. पोत्यांना कंटाळून कोणी पळालं नाही. मोठेबाबांच्या तीन गोष्टी आहेत, त्या रोज ऐकाव्या लागतात आणि रोज नव्यानं हसावं लागतं. एका माणसाचा तर त्यात जबडा दुखला. अविनाशला आपलं उरलेलं आयुष्य त्या काउंटरमागे हसताना दिसलं.

त्यात श्रावण लागायला आठ दिवस. एकदा श्रावण लागला की अर्ध्या गावाच्या मागच्या चुली थंड. जे करायचं ते याच रविवारी.

डबे त्यानं ऑनलाइन मागवले. सहा ट्यूनाचे, सहा तारलीचे. पत्ता मित्राच्या, आमीरच्या किराणा दुकानाचा दिला, कारण घरी पार्सल आलं असतं तर आईनं ते चिमट्यानं उचलून परत पाठवलं असतं. आमीरनं एक डबा हातात घेऊन उलटसुलट केला.

"यात काटे?"

"राहत नाही."

"मुंडकं?"

"नाही."

"मंग भाई, मासोळी कशावरून?"

अविनाशनं त्याला वही दाखवली. 'डब्यातल्या मासोळीचे एकवीस प्रकार.' एक नंबरला ट्यूना, कच्चा कांदा, हिरवी मिरची, वरून लिंबू, आणि गरम भाकरीवर पसरून द्यायचं, चूलही नको. दोन नंबरला तारली. ती टमाटरच्या सॉसमध्येच येते, लसणाची फोडणी दिली की भातावर. तीन नंबरला ट्यूना आणि उकडलेला आलू कुस्करून टिक्की. पुढे मासोळीचे पोहे, मासोळीचा ठेचा, भरली शिमला मिरची. एकविसावा प्रकार नुसता डबा आणि चमचा असा होता. (आकडा भरायचा होता.)

आमीर म्हणाला, "चांगलं हाय. फक्त म्हाताऱ्यायच्या हाती लागू देऊ नको."

एवढं शहाणपण त्या कुटुंबात कोणी आजवर बोललं नव्हतं, आणि बोलला तो बाहेरचा.

रविवारी पाहुणे एक वाजता येणार होते. किसनराव घड्याळ लावणार हे माहीत असल्यामुळे अविनाशनं थोडी लबाडी केली. बाराही डबे आधीच उघडून अंगणातल्या परातीत ओतून ठेवले, म्हणजे दहा मिनिटांतली दोन वाचतील. आणि मग आठवलं, सांबार आणला नाही. (सांबार म्हणजे कोथिंबीर. पुण्याच्या पाहुण्यांना सांगावं लागतं.) स्वयंपाकघरातली जुडी आई या कामाला देणार नव्हती. तो सायकलवर टांग मारून आमीरकडे गेला. तिथं एक गिऱ्हाईक, दोन गप्पा, अर्धा तास.

परत आला तेव्हा अंगणात मोठेबाबा होते. धोतर गुडघ्यावर खोचून, न्हाणीच्या दगडासमोर उकिडवे बसून, दोन्ही हात कोपरापर्यंत पिवळे. नालीच्या तोंडाशी सात मांजरी ओळीनं बसल्या होत्या, लग्नात पहिल्या पंगतीला बसतात तशा.

"आला का?" मोठेबाबा म्हणाले. "बरं झालं मी लवकर आलो. या मासोळीची हालत पाह्यली होती का तू?"

"मोठेबाबा, काय करून राह्यले तुम्ही?"

"धुऊन राह्यलो. कोन धुवन मंग? तू तं तशीच उघडी टाकून पयाला."

"ते धुवाचं नसते. साफ करेल, शिजवेल येते."

"शिजवेल? मंग तं अजूनच धुवा लागते. कोनं शिजवली, कशात शिजवली, तुले माईत हाय?"

याला कोणाकडेच उत्तर नसतं, म्हणून तर म्हातारी माणसं असे प्रश्न विचारतात.

"किती तेल होतं बे तिच्यात," मोठेबाबा सांगू लागले. "पयल्या पान्यात राख लावून घासली, तवा कुठं सुटलं. दुसऱ्या पान्याले मीठ-हयद. तिसऱ्याले बेसन चोळलं. अन् अर्ध्या डब्यायले तं जंग लागेल होता. लाल लाल पानी निंगे."

"तो टमाटरचा सॉस होता."

"जंग टमाटरसारखाच दिसते," मोठेबाबा म्हणाले. ते धरणाच्या मासेमारी सोसायटीत दोन वर्षं संचालक होते. मासोळीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. धरणाचा चार किलोचा कटला तीन पाण्यांनी धुतात हे खरंच आहे. पण कटला धुतला की कटला उरतो. शिजलेली तारली धुतली की पाणी उरतं.

परातीत उरला होता वाटीभर पिवळा लगदा. बाकीचे अकरा डबे नालीतून मांजरींकडे गेले होते.

"मासोळी लय कमी भरते रे डब्यात," मोठेबाबा हात झटकत म्हणाले. "फसवलं तुले."

किसनराव घड्याळ पाहत बाहेर आले. "बारा पन्नास."

"बाबा, पाहा न काय केलं हे."

किसनरावांनी पाहिलं. "दादानं जिंदगीत सोताचं ताट नाही धुतलं. तुह्यासाठी खाली बसून धुतलं. पाया पड."

आणि अविनाश पाया पडला. (सांगायला लाज वाटते. पण गाळा रस्त्यावरचा होता.)

आता एकवीस प्रकार कशाचे करायचे? त्यानं वही चुलीत घातली, म्हणजे निदान जाळ तरी झाला. तेवढ्यात मागच्या दाराच्या उंबऱ्यावर कोणीतरी उकडलेल्या आलूंचं टोपलं सरकवलं. टोपल्यामागे फक्त बांगड्या दिसल्या.

आई समोर येणार नव्हती, कारण अर्जुनराव तिचे भासरे. नवऱ्याच्या मोठ्या भावापुढे बाईनं बोलायचं नाही, या नियमानं सव्वीस वर्षांत तिनं त्यांच्यादेखत ओठ उघडला नव्हता. ती दाराआड पदर ओढून उभी राहायची, आणि चार फुटांवरून मोठेबाबा म्हणायचे, "किसना, सांग तिले, चहा गोड झाला." किसनराव मान वळवून तेच सांगायचे. दोघांमध्ये असा एक माणूस ठेवायचा आणि त्याला संस्कार म्हणायचं. अविनाशनं एकदा विचारलं होतं की घराला आग लागली तर ती कशी सांगेल. किसनराव म्हणाले, मले सांगन.

आलू, बेसन, कांदा, मिरची, सांबार आणि तो वाटीभर लगदा. अविनाशनं डोळे मिटून सगळं कुस्करलं आणि टिक्क्या तव्यावर टाकल्या. किसनराव मिनिटं मोजत बाजूला उभे. एकोणीस झाली. ते नुसते "हं" म्हणाले. स्टँडवर या "हं"नं ड्रायव्हर रडायचे.

मागच्या दारासमोर खाट टाकली होती, खाटेवर ताट. मोठेबाबांनी पहिली टिक्की खाल्ली. मग दुसरी. तिसरीला डोळे मिटले. अविनाशनं इतक्या वर्षांत या माणसाचं तोंड बोलण्याशिवाय दुसऱ्या कामात एवढं गुंतलेलं पाहिलं नव्हतं.

"किसना," सहाव्या टिक्कीला ते म्हणाले, "पोट्ट्याच्या हाताले चव हाय."

किसनरावांनी बंडीच्या खिशातून गाळ्याची किल्ली काढली आणि ताटाशेजारी ठेवली.

"पन रस्त्यावर मासोळी नको," मोठेबाबा म्हणाले. "आपल्या घराचं नाव हाय. हे असं साधं ठेवत असशीन तं माह्यं हो हाय. यात मासोळी किती टाकली?"

किल्ली ताटापासून वीतभर होती.

"कुठची मासोळी, मोठेबाबा," अविनाश म्हणाला. "तुम्ही इतकी साफ धुतली, काही उरलीच नाही. निरा आलू अन् बेसन हाय."

मोठेबाबा इतके खूश झाले की त्यांचा आवाज ओला झाला. "पाह्य किसना. तीन पान्याचा फरक. मंग तं सगळ्यायलेच चालते. तिले बी सांग, खा म्हना एक."

किसनरावांनी मान वळवली. "ऐकलं का, दादा म्हन्तेत, खा. काही नाही त्यात."

दाराआडून बांगड्यांचा हात बाहेर आला. खाटेच्या काठावर ताटातली शेवटची टिक्की होती. हात सरळ तिच्याकडे निघाला.

अविनाशनं त्या हाताकडे पाहिलं, मग किल्लीकडे. आईनं माळ घातली तेव्हा तो सहावीत होता. ती आजारात डॉक्टरनं सांगितलेलं अंडंही खात नव्हती. बोलायला तोंड उघडायचं, आणि उरलेली जिंदगी पोती उचलायची. असल्या वेळी माणसाला शहाणपण सुचत नाही, खरं बोलणं सुचतं.

"आई, थांब. त्यात मासोळी हाय."

हात मागे गेला.

"मंजे मी धुतलं ते काहीच नाही?" मोठेबाबांनी हळू विचारलं.

"नाही मोठेबाबा, धुतलं, पन..."

"तू आताच म्हनला, नाही हाय."

"किल्लीसाठी म्हनलो."

"मंजे माह्या तोंडावर खोटं बोलला. अन् मले मासोळी धुता येत नाही, हे बी बोलला."

किसनरावांनी किल्ली उचलली, शांतपणे बंडीच्या खिशात टाकली आणि घड्याळ पाहिलं. "उद्या साडेआठले दुकानात. आठ पस्तीस नाही."

मोठेबाबा उठले. जाताना तव्यावरच्या दोन टिक्क्या कागदात बांधून घेतल्या. अपमान झाला म्हणून चव जात नाही. किसनराव त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले.

अविनाश खाटेवर बसला. गाळा गेला होता, वही जळली होती. पण एक गोष्ट छातीत उबदार होती. पहिल्यांदा त्यानं कोणासाठी काहीतरी सोडलं होतं. रुखमाबाई पदर खाली घेऊन बाहेर आल्या.

"आई," तो म्हणाला, "तुही माळ वाचली."

"माह्या माळेले काय झालतं?"

"तू खाऊन राह्यली होती न."

"मी कायले खाऊ बे? मले इथवर वास येऊन राह्यला होता. मांजर आलती खाटेखालून, त्या टिक्कीले तोंड लावत होती. तिले हाकलाले हात केला मी."

"मंग सांगतलं काऊन नाही?"

"भासऱ्याम्होरं?" तिनं त्याच्याकडे असं पाहिलं, जसा काही तोच घरात नवा आला होता.

खाटेच्या काठावर शेवटची टिक्की तशीच पडली होती. अख्खी. तो तिच्याकडे पाहत राहिला.

"अन् मांजरीनं नेली काऊन नाही?"

"हुंगली," आई खरकटी ताटं काठीनं बाजूला सारत म्हणाली, "अन् सोडून चालली गेली. तिले बी नाही सापडली तुही मासोळी."