परत आलेला वॉकर

"पाच हजार," ट्रस्टचे अध्यक्ष म्हणाले. "इंटरनेटवर पेज काढा. महिनाअखेर त्याला पाच हजार माणसं जोडलेली दिसली, तर खोली तुमची. नाहीतर व्यायामशाळावाले दारात उभेच आहेत."

खोली तळमजल्याची, दोन खिडक्यांची. तिथे एक निवृत्त नर्स, म्हणजे सगळ्यांच्या सिस्टर, चौदा वर्षं आजाऱ्यांचं सामान फुकट वापरायला देत होत्या. वॉकर, चाकाच्या खुर्च्या, काठ्या, डोक्याकडून वर होणारे पलंग. गरज पडली की न्यायचं, काम झालं की परत आणायचं. अख्ख्या वस्तीतले म्हातारे सिस्टरांच्या वॉकरवर चालले होते. विश्वस्तांपैकी मात्र अजून कुणावर ती वेळ आली नव्हती, म्हणून त्यांना दरवर्षी संस्थेचा उपयोग समजावून सांगावा लागे.

"माणसं रोज येतात की इथे," सिस्टर म्हणाल्या.

"येतात, पण दिसत नाहीत. हल्ली दिसावं लागतं, सिस्टर."

सुदैवाने सून जाहिरातीच्या ऑफिसात होती. तिने पेज उघडलं आणि आठवडाभर वॉकरचे फोटो टाकले. एकोणीस लाइक आले, त्यातले चार घरातलेच.

"आई, लोकांना सामान नको असतं, गोष्ट हवी असते," सून म्हणाली. "परत करायला येतात ना, त्यांचे फोटो टाकू."

"टाक, पण त्यांना काही विचारू नकोस. मी कधीच विचारत नाही. पाणी द्यायचं आणि सामान ठेवून घ्यायचं."

सुनेला हा सासूबाईंचा विनय वाटला. का विचारायचं नाही, ते सिस्टरांनी सांगितलं नाही. रोज समोर दिसणारी गोष्ट सांगायची राहूनच जाते.

शनिवारी सिस्टर बाहेर गेल्या असताना शिंप्याचा मुलगा वॉकर घेऊन आला. सुनेने नियम पाळला, काही विचारलं नाही. पाणी दिलं, वॉकर हातात धरायला लावला आणि म्हणाली, "जरा हसा ना." मुलगा पडला भिडस्त. हसला. सुनेने खाली लिहिलं, "बाबा आता स्वतःच्या पायांवर!" दुपारपर्यंत अठराशे लाइक.

सिस्टर परत आल्या, फोन बघितला आणि मटकन खुर्चीत बसल्या. खुर्ची चाकांची होती, ती त्यांना घेऊन भिंतीपर्यंत गेली.

"अगं, शिंपी परवा वारले!"

"मग वॉकर परत कसा आला?"

"म्हणूनच आला. दहातले सात असेच येतात."

फोटो तातडीने काढून टाकला, पण तोवर तो दूरगावी शिंप्याच्या मुलीने पाहिला होता. भावाशी तिचं आधीच विळ्याभोपळ्याचं सख्य. तिने भावाला फोन लावला. "बाबा चालतायत, आणि मला वारले म्हणून कळवतोस? घराच्या कागदांवर सही हवी होती, सरळ मागायचीस ना!" मग तोच फोटो तिने स्वतःच्या पेजवर टाकला. त्याखाली तिच्या नवऱ्याने लिहिलं. अंत्ययात्रेला गेलेल्या शेजाऱ्यांनी लिहिलं. एकाने लिहिलं, "काका बरे झाले असतील तर माझी पँट अल्टर करून द्यावी."

सिस्टर शिंप्याच्या घरी जाऊन माफी मागून आल्या. मुलगा रागावला नाही. "बहिणीला मी मृत्यूचा दाखला पाठवला, तिला पटलंही," तो म्हणाला. "पण आता ती म्हणते, बाबा गेले आणि तू हसत होतास. यावर मी काय बोलू, सिस्टर?"

 घरी येऊन सिस्टरांनी सुनेला पेजवर खुलासा लिहायला लावला. शिंपी वारले आहेत, चूक आमची आहे, आमचं बहुतेक सामान माणूस गेल्यावरच परत येतं.

"आई, शेवटचं वाक्य गाळू या."

"खरं आहे ते."

"म्हणूनच गाळू या."

गाळलं नाही. मग आगीत तेलच पडलं. "यांचा वॉकर घरात आला की माणूस जातो," असं कुणीतरी लिहिलं आणि ते घरोघरी पोचलं. शिव्या द्यायच्या तर आधी पेजला जोडून घ्यावं लागे, म्हणून लोक भराभर जोडून घेत होते. सत्ताविसाव्या तारखेला आकडा सहा हजार चारशे झाला. अध्यक्ष स्वतः हात मिळवायला आले.

"याला म्हणतात लोकसहभाग! खोली पाच वर्षं तुमची."

"अहो, लोक शिव्या घालतायत!"

"घालू देत. आकड्यात शिव्या वेगळ्या दिसत नाहीत."

दुसऱ्या दिवसापासून सामान परत येऊ लागलं. या वेळी ते जिवंत माणसांचं होतं. एका आजोबांना पाऊलही टाकवत नव्हतं. दोन नातवांनी त्यांना काखेत धरून आणलं आणि वॉकर लांबूनच पायरीवर ठेवला. सिस्टरांनी चौदा वर्षांत पहिल्यांदा विचारलं, "अहो, परत का करताय?"

"आमचे आजोबा अजून हवे आहेत आम्हाला," थोरला नातू म्हणाला. तिघे निघाले. कोपऱ्यापर्यंत जाताना आजोबा दोनदा खाली बसले. सिस्टर ते बघत उभ्या राहिल्या आणि त्यांना इतका संताप आला की डोळ्यांत पाणी आलं. खोली सामानाने गच्च भरली, आणि न्यायला कुणी येईना.

तीन आठवड्यांनी एक माणूस दारात आला. आई अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा, पलंग हवा होता. खिडकीजवळच्या पलंगापाशी तो थांबला, पण हात लावेना.

"यावर आधी कोण होतं?"

त्या पलंगावर पोस्टमास्तर अकरा महिने होते. शेवटी त्यांचे डोळे सिस्टरांनीच मिटले होते. सून सासूबाईंकडे बघू लागली.

"पोस्टमास्तर होते," सिस्टर म्हणाल्या.

"मग ते आता...?"

"सायकल चालवतात. ती बाजू धरा, जड आहे."