आण्णांची टोळी

आण्णा कुणालाही चहा विचारायच्या आधी एक मुळी हुंगायला लावत. आमच्या सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख, मी त्यांच्या हाताखाली. दुष्काळाने ऊस वाळला, गाळप बंद पडलं, आणि रसाच्या रिकाम्या बाटल्यांत आण्णांनी कर्दळ लावली. माती नाहीच. नुसतं पाणी, तेही त्यांच्या गावच्या विहिरीचं. कारखान्याच्या मळीचं सांडपाणी मुरून काळं झालेलं, नाकाला रुमाल लावावा असं.

निम्म्या झाडांची मुळं ते औषधाने धुऊन जंतू मारत, निम्म्यांची तशीच ठेवत. पाणी साफ करतं ते झाड की मुळावरचे जंतू, हे त्यांना शोधायचं होतं. मला विचाराल तर उत्तर त्यांनी आधीच ठरवलं होतं. "झाड म्हंजी मुकादम. काम टोळी करती," म्हणत. ऊसतोडीच्या टोळीसारखी त्या जंतूंची रोज सूक्ष्मदर्शकातून हजेरी घेत. हजेरी कमी भरली की दिवसभर तोंड पाडून बसत. बाटलीत जमलं की विहिरीत कर्दळीचा तराफा सोडायचा बेत होता.

घाईचं कारण होतं. चौसाळ्याला दिलेल्या त्यांच्या एकुलत्या लेकीला सातवा लागला होता, आणि सासरच्यांनी साफ सांगितलं होतं, त्या पाण्यावर माहेरी बाळंतपण नको.

त्यातच चेअरमनसाहेब येणार म्हणून मी प्रयोगशाळा चकाचक केली. सगळ्या मुळांवरचा बुळबुळीत थर ब्रशने घासून काढला आणि शाबासकीसाठी उभा राहिलो. आण्णा एकेक मुळी उचलून बघत राहिले. "सगळी टोळी मारलीस की रं," एवढंच म्हणाले, आणि खाली बसून पहिल्यापासून लावायला लागले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मला अजून लाज वाटते. चेअरमनसाहेब तर आलेच नाहीत.

लेकीचा नववा सरत आला तेव्हा एका सकाळी न धुतलेल्या मुळांची एक बाटली नितळ दिसली. आण्णांनी हुंगली, मला हुंगवली, आणि ऑफिसातून लेकीला फोन लावला.

"बायडे, पाणी लई नितळ झालंय. वासबी न्हाई."

किती झालंय, असं तिने विचारलं असावं. आण्णा बाटलीकडे बघत म्हणाले, "एक बाटली."

मग ते बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून ऐकत होते.

"बरं," शेवटी म्हणाले. "पुढल्या बाळंतपणाला ये."