निमकरांच्या मांडीवरचा डबा

वामनराव निमकर घराला कुलूप लावत, ते ओढून बघत, मग मला ओढून बघायला लावत, आणि मी ओढलं की इतक्या जोरात का ओढलं, असा माझाच संशय घेत. बदलापुरात हेंद्रेपाड्याला आमची घरं भिंतीला भिंत लागून होती आणि अंबरनाथच्या एकाच कारखान्यात आम्ही कामाला होतो. त्यामुळे ते कुलूप रोज सकाळी माझ्या वाट्याला येई.

कारखान्यात ते मालतपासनीस होते. खोका उघडून बघितल्याशिवाय सही नाही. "यात काहीतरी गोम आहे," हे त्यांचं वाक्य. दूध पातळ आलं तर गोम, घट्ट आलं तर त्याहून मोठी गोम. हॉटेलात चहाचा पहिला घोट ते मालकाला घ्यायला लावत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. लोक म्हणत, यमदूत आला तेव्हा ह्यांनी त्याच्याकडेही कागद मागितले असणार.

अशा माणसाला कारखान्याने विलायतेला पाठवायचं ठरवलं. यंत्रं विकत घ्यायची होती आणि ती तिथेच तपासून घ्यायला निमकरांसारखा माणूस नव्हता. नकाशे वाचायला सोबत मी. तेव्हा मी तिशीच्या आतला होतो आणि विमान फक्त डोक्यावरून जाताना पाहिलेलं.

तेव्हा कोणी परदेशी निघालं की अर्धं गाव पुडकी घेऊन दारात येई. कुणाचा भाचा मँचेस्टरला, कुणाचा जावई लंडनला. माझ्याकडे लोणची, मेतकूट आणि एक शाळिग्राम जमला. निमकर प्रत्येकाला म्हणत, सोडून दाखवा. दाखवलं की म्हणत, आता माझ्यासमोर चाखा. लोणच्याच्या बाबतीत लोक तयार झाले. केसांच्या तेलाशी गाडं अडलं.

शेवटी जमनाबाई आली. निर्वासितांच्या कॅंपातली सिंधी म्हातारी, कारखान्याच्या दाराशी पापड विकायची. फाळणी झाली तेव्हा तिचा एकुलता मुलगा लछमन लंडनला एका दुकानात नोकरीला होता. तो तिकडेच राहिला. ही कराचीहून बोटीने आली आणि उल्हासनगरच्या बराकीत पडली. आईचं नवं घर मुलाने पाहिलेलं नव्हतं. त्याला पापड पोचवा, एवढंच तिचं मागणं.

निमकर सगळ्यांच्या देखत म्हणाले, "बाई, परक्याचा डबा मी नेत नाही. आत काय घातलंय कुणी बघितलंय?"

"पापड है, अदा. और क्या होगा," म्हातारी म्हणाली.

'अदा' म्हणजे काय, हे निमकरांनी त्या दिवशी तीन वेगवेगळ्या सिंध्यांना वेगवेगळं गाठून विचारलं. तिघांनीही भाऊ असंच सांगितलं, तेव्हा म्हणाले, तिघं आधीच ठरवून बोलले असतील. आम्ही आठवडाभर हसलो. पापड मात्र त्यांनी नाकारले आणि मीही मागून घेतले नाहीत. शाळिग्रामाचंच ओझं झालं होतं.

सांताक्रूझला विमानात चढताना निमकरांच्या हातात पत्र्याचा एक चौकोनी डबा होता. डब्याला सुतळी, सुतळीचं दुसरं टोक मनगटाला. हवाईसुंदरीने तो वर ठेवायला मागितला, तर म्हणाले नाही. पायाशी ठेवा म्हणाली, तरी नाही. डबा मांडीवर. जेवण आलं, तर पैसे न घेता ताट देतात यातच गोम, म्हणून घरच्या दशम्या काढल्या, त्या डब्यावरच ठेवून खाल्ल्या. आत काय आहे म्हणून मी विचारलं. "आहे," म्हणाले.

आता संशयाची पाळी माझी होती. सोनं असेल का? कारखान्याचं काही असेल का? ज्याने जन्मभर दुसऱ्यांचे डबे उघडायला लावले, तो स्वतःचा उघडत नाही म्हणजे काय? डोळा लागला की मला हातकड्या दिसत.

खिडकीतून त्यांना इंजिनावर तेलाचा ओघळ दिसला. त्यांनी हवाईसुंदरीला बोलावलं, तिने तिच्या वरच्याला. दोघांनी समजूत घातली. कैरोला उतरलो तेव्हा तेच इंजिन नादुरुस्त म्हणून आम्हाला रात्रभर अडकवून ठेवलं. निमकरांचा चेहरा असा खुलला की आमचे हाल झाले याचं त्यांना भानच राहिलं नाही. खरं सांगायचं तर कुठल्याही इंजिनाबद्दल ते हेच म्हणाले असते.

दुसऱ्या दिवशी हवेत असताना त्यांनी बूट काढले. लंडन जवळ आलं तसे घालायला गेले तर पाय आत जाईनात. बसून बसून पाय सुजलेले. त्यांनी खाली वाकून शेजारी झोपलेल्या गोऱ्या माणसाचे बूट निरखले आणि माझ्या कानात म्हणाले, "बदलले." तो माणूस जागा होऊन आपल्या बुटांसकट उतरून जाईपर्यंत त्यांनी त्याच्यावरची नजर काढली नाही.

उतरल्यावर कळलं की कैरोला विमान बदलण्याच्या घोळात आमच्या ट्रंका भलतीकडेच गेल्या. लोणची, मेतकूट, शाळिग्राम, नकाशे, सगळं. आमच्याबरोबर आलेली वस्तू एकच, तो डबा.

जकातीच्या टेबलामागे एक उंच, लालबुंद अधिकारी होता. त्याच्यासमोर उभा होता सामान नसलेला, बुटांच्या टाचा दुमडून फरफटत चालणारा, मनगटाला डबा बांधलेला माणूस. त्याने डबा उघडायला लावला. वर जुनं धोतर, त्याच्या घडीघडीत एकेक पापड. एकही तुटलेला नाही. अधिकाऱ्याने एक उजेडात धरला, मिऱ्याचे काळे ठिपके नखाने खरवडले, वास घेतला आणि दुसऱ्या अधिकाऱ्याला बोलावलं. मग माझ्याकडे वळून विचारलं, तुम्ही दोघं बरोबर आहात का.

ही गोष्ट मी आजवर पुष्कळ बैठकांत सांगितली आणि बुटांवर लोक हसले की थांबवली. कारण पुढे मी मान हलवली, ती नाही म्हणून. आणि दोन पावलं बाजूला झालो.

निमकरांनी ते पाहिलं. अधिकारी विचारत होता, हे तुम्ही स्वतः केलंत, की कुणी नेऊन द्यायला दिलंय? दुसऱ्याचं असेल तर इथेच ठेवून जा, तुम्हाला त्रास होणार नाही. सुटायची वाट तोच दाखवत होता.

"माझ्या बहिणीने केलेत," निमकर आपल्या कारखानी इंग्रजीत म्हणाले.

"ती काय घालते ते तुम्ही पाहिलंत?"

"प्रत्येक पापड लाटताना पाहिलाय. समोर बसलो होतो."

आणि त्यांनी एक कच्चा पापड मोडला, अर्धा अधिकाऱ्यापुढे धरला आणि अर्धा स्वतः चावून, कसाबसा गिळून दाखवला. दोघा अधिकाऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं आणि डबा सोडल्याची खडूची फुली त्यावर मारली.

निमकरांना बहीण नव्हती, हे मला माहीत होतं.

लछमन एका कापडाच्या दुकानामागच्या खोलीत राहायचा. डबा बघून तो खालीच बसला. पापडांना हात लावला नाही. अम्मा कशी आहे, एवढंच विचारलं.

असल्या प्रश्नाला आपण सगळे 'छान आहे' म्हणतो. निमकरांना ते जमणारं नव्हतं. पिठात काय मिसळते ते बघायला ते एका रविवारी सकाळपासून तिच्या बराकीत ठाण मांडून बसले होते आणि तपासनिसाच्या नजरेने जे जे दिसलं ते त्यांनी मोडक्या हिंदीत सांगायला घेतलं. बराकीला मधे गोणपाटाचा पडदा आहे, पलीकडे दुसरं कुटुंब. खाटेवर पापड वाळतात म्हणून ती खाली झोपते. उजवा गुडघा दुखतो, उठताना भिंतीला धरते. दात गेलेत, पण सुपारी सुटलेली नाही. लाटताना गुणगुणते, मधेच थांबते, मग पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. तुझा फोटो आहे, पण उलटा ठेवलाय, ऊन लागून पुसट होईल म्हणून. लछमन मधेमधे विचारी, पडदा कुठल्या बाजूला, खिडकी आहे का, आणि निमकर हाताने हवेत खोली आखून दाखवत. शेवटी तो म्हणाला, पुन्हा दारापासून सांगा. त्यांनी पुन्हा दारापासून सांगितलं.

बाहेर धुकं होतं. जकातीपाशी झालं त्याबद्दल बोलायचा मला धीर झाला नाही. मी एवढंच विचारलं, नेणारच होतात तर चारचौघांत 'नाही' का म्हणालात?

"हो म्हटलं असतं तर अख्खा कॅंप डबे घेऊन आला असता."

बूट फरफटत ते थोडं पुढे गेले आणि थांबले.

"त्या रविवारी तिने मला तीनतीनदा विचारलं, अदा, तुमच्या घरी कोण कोण आहे? मी सांगितलं नाही. म्हटलं, ही का विचारते? यात काहीतरी गोम आहे."

"मग?"

"परत गेलो की सांगणार आहे तिला."

"काय?"

त्यांनी रिकाम्या मनगटावरची सुतळी सोडली आणि नीट गुंडाळून खिशात घातली.

"कोणी नाही म्हणून," ते म्हणाले.