पहिले गिऱ्हाईक न मिळालेल्या जेट विमानाची हकीकत

विज्ञापना ऐसीजे. कारखान्याचे संचालक मंडळाने पुसिले की, आपले कारखान्यात नव्वद आसनांचे जेट विमान सिद्ध जाहले, आकाशी उडाले, धरणीवर सुखरूप उतरले, आणि तरी अकरा वर्षांत एकाही विमान कंपनीने ते विकत घेतले नाही, हे कैसे घडले ते साद्यंत लिहिणे. त्यास, सेवक कारखान्याचा दफ्तरदार, विक्रीखात्याचे शेजारच्या खोलीत बसणारा, आणि मधली भिंत प्लायवूडची, सबब ऐकण्यात कसूर जाहली नाही. पदरचे काही घालीत नाही. घातलेच तर थोडे.

विमानाचे कर्ते शेपूटकाका. हे मूळचे इंजिनियर, उमेदीत एका विमानाचे शेपटाचा आराखडा ऐसा नामी केला की पुढे सबंध विमान त्यांचे हवाली जाहले, परंतु नाव शेपटाचेच राहिले. लहान गावांच्या आखूड धावपट्ट्यांवरून माणसे उडावी, हा त्यांचा मनसुबा. आणि विक्रीची मोहीम ज्यांवर नामजाद जाहली त्या ताईसाहेब, शेपूटकाकांच्या धाकट्या मेहुणी, जिभेने साखर आणि चालीने वादळ. दोघे रविवारी दुपारी एकाच मेजावर जेवीत आणि तेथेही विमानच उडवीत, म्हणोन शेपूटकाकांचे कुटुंब, म्हणजे ताईसाहेबांची थोरली बहीण, हिने सक्त ताकीद केली होती की जेवताना विमानाचे नाव काढील त्याने आपले ताट आपण घासावे.

मग मोहिमा सुरू जाहल्या. पहिल्या विमान कंपनीचे मालक जातीने आले, त्यांनी विमानास तीन प्रदक्षिणा घातल्या, चाकास बुटाचे टोक मारून पाहिले, आसनात बसून गुडघे हलवले आणि बहुत संतोष पावून म्हणाले, “विमान एक नंबर आहे हो. आधी कोणीतरी घेऊ दे, दुसरं आम्हीच घेणार.” ताईसाहेबांनी ते लिहून घेतले. मग दुसरी कंपनी आली, तिनेही दुसरेच विमान मागितले. ऐसे करता करता आठ कंपन्यांची इरादापत्रे दाखल जाहली, आठही दुसऱ्या विमानासाठी, आणि त्यांत दोघींचा कज्जा लागला की दुसरे विमान मागण्यात पहिला मान कोणाचा.

तेव्हा ताईसाहेबांनी मसलत केली की आठही मालकांस एके दिवशी एके दालनी बोलवावे, एकमेकांस पाहून कोणास तरी चेव येईलच. आठही आले. एकाने दुसऱ्यास म्हटले, “आधी आपण.” दुसऱ्याने म्हटले, “छे छे, आपण वडीलधारे.” ऐसी अदब पाच घटका चालली, दोन वेळा चहा जाहला, बिस्किटांची तबके रिती जाहली, आणि पाचव्या मालकांनी उठून सर्वांसाठी दार धरले, मग सर्व निघून गेल्यावर ते स्वतःही निघून गेले. दालनी ताईसाहेब आणि आठ उष्टे कप राहिले. ही शिकस्त मोठी.

मग मंडळाचे फर्मान सुटले की, महिनाअखेर गिऱ्हाईक न आल्यास विमान कापून सुटे भाग करावे. शेपूटकाकांस अन्न गोड लागेना. त्या रविवारी त्यांनी भर मेजावर ताकीद मोडली.

“ताई, खरं सांग. विमान वाईट आहे का?”

“विमान वाईट नाही, भावोजी. पहिलं असणं वाईट आहे.”

कुटुंबाने ताटाची शिक्षा सांगितली नाही. ती भांडी आवरीत त्रासून म्हणाली, “अकरा वर्षं उडवणाऱ्यांच्या पाया पडताय. ज्याला उडवायचंच नाही त्याला विका की.”

ती चिडून बोलली, परंतु ताईसाहेबांचा चमचा हवेतच थांबला.

शहरात विमानसेविका आणि सेवक घडविण्याची एक शाळा होती. तेथे खुर्च्यांच्या रांगा मांडून, लाकडी दार उघडून, संकटसमयी प्रवासी बाहेर कैसे काढावे ते शिकवीत. ताईसाहेब तेथील मुख्य बाईंस घेऊन आल्या. बाईंनी इंजिन पाहिले नाही, पल्ला पुसिला नाही, फक्त आठही दारे उघडून मिटून पाहिली, दारांतून उतरायच्या रबरी घसरगुंड्या फुगवून घेतल्या, आणि म्हणाल्या, “हेच हवंय. आमच्याकडे याला जागचं हलायचं नाही.”

हे कानी पडताच शेपूटकाका वैमानिकाच्या खोलीत जाऊन बसले आणि उतरेनात. विमान आहे, वर्गखोली नाही, ऐसा त्यांचा जबाब. वेढा तीन दिवस चालला. सकाळी येऊन बसावे, संध्याकाळी खाली मान घालून घरी जावे. तिसरे दिवशी ताईसाहेब डबा घेऊन शेजारच्या आसनी बसल्या आणि बराच वेळ दोघे काचेतून कारखान्याची बंद दारे पाहत राहिले.

“भावोजी, यात अजून एकही प्रवासी बसलेला नाही. तिथे रोज बसतील.”

“आणि जातील कुठे?”

“बाहेर.”

शेपूटकाका महिन्यात प्रथमच हसले, आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी नकाशाच्या कागदाने पुसले. मग डबा उघडला आणि जेवले. मग खाली उतरून करारावर सही केली.

पुढे पंख उतरवून, मोठ्या गाड्यावर घालून, विमान रस्त्याने कूच जाहले. एका वळणावर न्हाव्याने दुकानाची पाटी काढून दिली तेव्हा नाक वळले, आणि शेपूटकाका लाल फडके घेऊन पुढे चालत होते, कोणी हॉर्न वाजविल्यास त्याजकडे ऐसे पाहत की तो इंजिन बंद करी.

शाळेतील पहिले दिवशी बेचाळीस असामी प्रवासी म्हणोन बसविले, त्यांत शेपूटकाकाही. लटका धूर सोडला, दिवे मालवले, शिकाऊ पोरींनी गर्जना केली की पट्टे सोडा, सामान सोडा, बाहेर पडा. सर्व पळाले. शेपूटकाका मात्र सातव्या रांगेत, छताचा एक जोड बोटाने चाचपीत बसले होते. तेव्हा एक किडकिडीत पोरगी उलट धुरात शिरली आणि ओरडली, “काका, उठा म्हटलं ना,” आणि त्यांस कॉलरीस धरून ओढीत आणून दारातून ढकलून दिले. ते घसरगुंडीवरून बसल्या बसल्या खाली आले, चष्मा एका कानावर लोंबत होता. ताईसाहेब धावल्या. काकांनी वर दाराकडे पाहिले आणि हळूच पुसिले, “परत करू देतील का?”

येणेप्रमाणे विमान कंपन्यांस विक्री एकही जाहली नाही, ते सत्य. परंतु त्या दिवशी बेचाळीस असामी विमानात चढले आणि बेचाळीस उतरले, सर्व सुखरूप. ही फत्ते दफ्तरी दाखल केली असे.