भागूआप्पांची जीभ

दुसऱ्याच्या मालकीचे बिअरचे क्रेट उन्हातून उचलून सावलीत ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. भागूआप्पा कोळपे. चौफुल्याच्या परमिट रूमसमोर टेम्पो रिकामा झालेला असायचा, क्रेट एप्रिलच्या उन्हात तापत पडलेले असायचे, आणि रस्त्यानं चाललेले आप्पा लुना स्टँडला लावून, पायजमा गुडघ्यापर्यंत सरकवून, एकेक क्रेट कडुलिंबाखाली ओढायला लागायचे. चोरी होतेय असं वाटून मालक धावत बाहेर यायचा.

"अहो आप्पा, काय करताय?"

"तुमचं काम करतोय. दुधाचा क्यान आसा उन्हात ठिवला आसता का?"

"बिअर आहे ती. नासत नाही."

"न्हाई नासत? मंग फोडा एक. फोडा की! जीभ लावून बघा. ओल्या कुत्र्यावानी वास मारती का न्हाई ते सांगा. गिऱ्हाइकाला वाटतं, बिअर आशीच आसती. बिचाऱ्याला खरी बिअर कवा भेटलीच न्हाई!"

हे सांगताना आप्पांचा आवाज चिरकायचा. एखाद्याच्या रानातलं पाणी तोडलं असतं तरी ते इतके तापले नसते. शेवटी मालकही एका बाजूनं क्रेट धरायचा.

आप्पा मूळचे राहू गावचे. वडिलांनी मेंढरं राखली, पुढं पाटाचं पाणी आलं तसा घरात ऊस आला, आणि आप्पा साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत लागले. मळीपासून स्पिरिट बनवायचा तो विभाग. तिथल्या प्रयोगशाळेत ते हेल्पर होते. काम बाटल्या धुण्याचं, पण देवानं त्यांना नाक आणि जीभ अशी दिली होती, की पदवी घेतलेले केमिस्ट नळ्या हलवत बसायचे तोवर आप्पा मळीच्या हौदाशेजारून नुसते चालत यायचे आणि म्हणायचे, "तीन नंबर आंबला." दोन तासांनी यंत्रही तेच सांगायचं. "यंत्राला इचारा, न्हाईतर मला इचारा," आप्पा म्हणायचे, "मी लवकर सांगतो, येवढाच फरक."

मी त्याच कारखान्यात टाइम ऑफिसला कारकून होतो. केडगावात स्टेशनपासून जवळ आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यामुळं आप्पांचा संताप मला नोकरीतही ऐकायला मिळाला आणि ते रिटायर झाल्यावर घरबसल्याही.

इतकं ऐकून कुणालाही वाटेल, माणूस पट्टीचा पिणारा असणार. अजिबात नाही. रविवारी दुपारी एक बिअर, शेजारी भाजलेल्या शेंगा. थंडीत दोन बोटं रम, कोमट पाण्यात. बास. बाकीचा आठवडा लोक काय पितात आणि कसं पितात यावर रागावण्यात जायचा, आणि तो पुरायचा नाही.

बिअरमध्ये बर्फ टाकणाऱ्याशी ते बोलत नसत. मीठ टाकणाऱ्याशी बोलत, कारण त्याला शिव्या द्यायच्या असत. "फेस पायजे म्हनून मीठ टाकतोय! आरं, फेस पायजे तर दाढी कर!" रांजणगावला एमआयडीसी आली, पगार वाढले, पोरं 'स्ट्राँग' बिअर मागायला लागली, तेव्हा तर आप्पांना गावात फिरणं अवघड झालं. "स्ट्राँग म्हंजी काय? बिअर ही भाकरीची भैन हाय. धान्यापासून झाली, पोटाला बसती. तिच्यात नशा हुडकायची तर मंग स्पिरिटच प्या की, आमच्या डिस्टिलरीत टँकर भरून हाय!"

पण खरा दावा होता तो व्हिस्कीशी. बाटलीवरचं हरणाचं नाहीतर किल्ल्याचं चित्र दिसलं की आप्पा पेटायचे. "ही व्हिस्की? आवं, ही मळी हाय! आपल्या रानातला ऊस हाय त्यो! कोट घालून, टाय लावून आलाय आन् म्हन्तो मी विलायतेचा! रमचं बघा. ती बी मळीतनंच येती, पन सांगती तरी, मी उसाची हाय म्हनून. लाज न्हाई वाटत तिला आईबापाची." संत्रा छापाच्या देशी दारूला ते गरिबाची म्हणून सोडून देत. हातभट्टीबद्दल एक शब्द काढत नसत. नाव निघालं की नुसते थुंकायचे.

एकदा त्यांनी माझ्याकडून एका बिअर कंपनीला पत्र लिहून घेतलं. मागच्या दिवाळीपासून तुमच्या बिअरला शेवटी कडवटपणा राहत नाही, कुणाची बदली झाली का, असा खुलासा मागितला होता. महिन्याभरानं कंपनीकडून रंगीत कॅलेंडर आणि बाटली उघडायचा ओपनर आला. आप्पा ते कॅलेंडर घेऊन माझ्या दारात उभे. "मी इचारलं काय, ह्यांनी धाडलं काय! कडवटपना कुठं गेला इचारलं तर हे तारखा दाखवत्यात!" ओपनर त्यांनी परत पाठवला. टपालखर्च स्वतःचा.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. त्यांच्या सुनीताच्या बैठकीपर्यंत.

मुलगी आप्पांची एकुलती. स्थळ चांगलं होतं, मुलगा दौंडला नोकरीला. याद्या झाल्या, जेवणं झाली, आणि मुलाच्या मामानं कौतुकानं पिशवीतून बाटली काढली. दुबईहून कुणीतरी आणलेली, खास आजच्यासाठी राखलेली. चार पुरुष माणसं गोठ्यामागं बसली. मीही होतो. पहिला ग्लास मानानं आप्पांना दिला. आप्पांनी तो नाकाशी नेला आणि खाली ठेवला.

"का हो पाव्हणं? घ्या की," मामा म्हणाला.

मी आप्पांचा पाय दाबला. काही उपयोग झाला नाही.

"पाव्हणं, बाटली दुबईची हाय. माल दौंडचा हाय."

मामा हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे. आप्पा समजावून सांगायला लागले. रिकामी बाटली कोण विकत घेतं, भरतं कोण, बूच कसं बसवतात, सगळं. त्यांना वाटत होतं आपण पाहुण्याचं भलं करतोय, बिचारा फसलाय. मामाचा चेहरा काळा पडत गेला. आप्पा थांबेनात. "तुमी रागावू नका. ज्यानं तुमाला ही दिली त्याच्यावर रागवा. चला, आत्ता जाऊ त्याच्याकडं!"

पाहुणे चहा न घेता गेले. आठ दिवसांनी मध्यस्थाकडून नकार आला.

सुनीताचं लग्न पुढं दोन वर्षांनी जमलं, कवठे येमाईला, आणि चांगलं झालं. पण त्या नकारानंतर हिरामावशी, म्हणजे आप्पांची बायको, तीन महिने त्यांच्याशी बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि निघून जायची. मी एकदा न राहवून म्हणालो, "आप्पा, एक घोट घेऊन 'वा' म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं?"

आप्पा म्हणाले, "पोरगी रडली तवा मला बी तसंच वाटलं. पन जीभ एकदा खोटं बोलली की तिला सवय लागती हो. मंग माझ्याकडं ऱ्हायलं काय? शेती भावाकडं हाय. शिक्षान न्हाई. हीच येक हाय."

त्या काळात त्यांच्याशी नेमानं बोलणारा माणूस एकच होता. पलीकडच्या गल्लीतले साळवे मास्तर. सॅम्युएल साळवे, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले, शांत, गोरे, चष्मेवाले. मास्तर बिअर पीत नसत. रविवारी आप्पांची बिअर आणि मास्तरांचा चहा अंगणात समोरासमोर यायचा, आणि दोघं भांडायला बसायचे. कशावरही. एवढ्या तेवढ्या गोष्टीवर आप्पा उठून उभे राहायचे, मास्तर बोट वर करून "बसा, बसा, उदाहरण पूर्ण होऊ द्या" म्हणायचे. वर्षातून एकदाच मास्तर स्वतः काही मुरवायचे. दिवाळी झाली की बरणीत काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू आणि दालचिनी घालून नाताळची वाइन. तिच्यावरून दोघांचं दर डिसेंबरात जुंपायचं.

एका श्रावणात मास्तर गेले. दोन दिवसांचा ताप, बस. आप्पा दफनाला आले, एका बाजूला उभे राहिले. पुढचे कितीतरी महिने त्यांनी कशावर संताप केल्याचं मला आठवत नाही. चौफुल्याला क्रेट उन्हात पडलेले मी पाहिले, आणि आप्पांची लुना शेजारून तशीच पुढं गेलेलीही पाहिली.

नाताळला मास्तरांच्या पत्नीनं, शांताबाईंनी, नेहमीसारखं सगळ्यांना बोलावलं. बाई निवृत्त नर्स, करड्या शिस्तीच्या. मी आणि माझी बायको, आप्पा आणि हिरामावशी, त्यांच्या प्रार्थनामंडळातल्या दोन बायका. कागदी चांदणी लावलेली, करंज्या, केक. आणि ट्रेमध्ये छोटे ग्लास.

"मी केली या वर्षी," बाई म्हणाल्या. "त्यांच्या वहीत सगळं मापानं लिहिलेलं होतं."

पहिला ग्लास माझ्या हातात आला. ओठाला लागताच माझे दात आंबले. वाइन कुठली, चांगला लोणच्यात घालावा असा शिरका झाला होता. बरणीला हवा लागली असणार. बाईंना कळायचा प्रश्नच नव्हता. त्यांनी जन्मात कधी थेंब चाखला नव्हता, मास्तरांच्या हातचासुद्धा नाही. मी ग्लास तसाच धरून बसलो.

बाई आप्पांच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"आप्पा, बाकीचे सगळे चांगलीच म्हणतील. तुम्ही खोटं बोलत नाही, म्हणून तुम्हाला विचारते. त्यांच्यासारखी झाली आहे का?"

हिरामावशीनं माझ्याकडं पाहिलं. तिला माझ्या तोंडावरूनच सगळं समजलं असावं. आप्पांनी ग्लास नाकाशी नेला आणि ते थांबले. ज्या माणसाला हौदाशेजारून चालत जाताना कळायचं, त्याला हे ग्लास हातात येण्याआधीच कळलं असणार. मला बैठकीतल्या मामाचा चेहरा दिसायला लागला.

आप्पांनी ग्लास तोंडाला लावला. घाई केली नाही. शेवटच्या थेंबापर्यंत पिऊन त्यांनी तो ट्रेमध्ये ठेवला, मिशा पुसल्या आणि भुवया चढवल्या.

"साखर जास्त पडलीय."

बाईंनी पदर तोंडाशी धरला. हसत होत्या की रडत होत्या, सांगता आलं नसतं. "दरवर्षी त्यांना हेच सांगायचात तुम्ही! स्वयंपाकघरातून हेच ऐकत आले मी इतकी वर्षं!"

"मंग? सुदारना नको व्हायला?" आप्पांचा आवाज इतक्या महिन्यांनी चढला. "मास्तरांनी ऐकलं न्हाई, तुमी बी त्यांचीच वही घेऊन बसला! तीच चूक! काडीचा फरक न्हाई!" एवढं बोलून ते ताडकन उठले, त्यांनी माझ्या हातातला ग्लास काढून घेतला, तोही पिऊन टाकला आणि ट्रे आपल्याकडं ओढला. "आन् ही वाटत नका बसू कुनाला. ह्या मान्सांना काय कळतंय ह्यातलं? ह्यांना सरबत द्या. बरनी माझ्याकडं द्या, घरी न्हेतो."

बाईंनी बरणी स्वतः फडक्यात बांधून दिली. चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी उजेड होता.

परतताना मी हळूच म्हणालो, "आप्पा, ती तर..."

"गप बसा," आप्पा म्हणाले. बरणी त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. हिरामावशी त्यांच्या शेजारून चालत होती. गल्लीच्या तोंडाशी दगड होता, तिथं तिनं त्यांचा दंड धरला.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी मी त्यांच्याकडं गेलो. अंगणात एकटेच बसले होते. बिअर नव्हती. ग्लासात काळपट लाल काहीतरी होतं, आणि एकेक घोट घेताना त्यांचे डोळे मिटत होते.

"आप्पा, कशाला पिताय ते? बाईंना कुठं दिसतंय? ओतून द्या की."

"वतून कसं देऊ? त्यांच्या वहीतलं माप हाय." त्यांनी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं. "मास्तर आसते तर आत्ता चांगलं तासभर भांडलो आसतो. आता कुनी भांडतच न्हाई माझ्याशी. समदे 'व्हय आप्पा' म्हन्त्यात. म्हाताऱ्याला कशाला दुखवा म्हनून."

त्यांनी आतून दुसरा ग्लास आणला, दोन बोटं ओतून माझ्या हातात दिला.

"घ्या. आन् खरं सांगा."

मी घोट घेतला. डोळ्यांत पाणी आलं. 'बरी आहे' असं तोंडाशी आलेलं मी गिळलं आणि खुर्ची ओढून त्यांच्या समोर बसलो.

"खरं सांगू? पार वाया गेली आहे. नुसता शिरका."

"वाया?" आप्पा ताठ झाले. "तुमी कारकून मानूस, तुमाला काय कळतंय? वाया कशी, सांगा! सांगा की!"

"आंबट ढाण झाली आहे म्हणून वाया."

"त्ये आंबट कशानं झालं ते माहिती हाय का? न्हाई ना? मंग!" ते उठून उभे राहिले.

मला त्यातलं खरोखरच काही कळत नव्हतं. तरी अंगणातली सावली भिंतीपर्यंत जाईतोवर मी माझं म्हणणं सोडलं नाही.