खुर्ची वाळेपर्यंत

सगळ्या खाचांत गोंद भरून झाला, आडव्या पट्ट्या ठोकून बसवल्या, आणि मग सांधे आवळायचा शिकंजा घ्यायला कारखानदारांनी मागे हात नेला. भिंतीवरच्या खिळ्याला शिकंजा नव्हता. शेजारच्या खिळ्यालाही नव्हता. कोपऱ्यात एक सापडला, पण त्याचा दांडा वाकलेला होता. सांधे आवळून धरले नाहीत तर खुर्ची उकलणार होती, आणि गोंद काही कुणासाठी थांबत नाही.

कारखानदार हे गल्लीनं ठेवलेलं नाव. नोकरीत होते तोवर त्यांनी फक्त फायली हलवल्या होत्या. निवृत्त झाल्यावर मात्र घराच्या मागच्या खोलीत एक जाडजूड टेबल, दोन रंधे, काही करवती आणि ढीगभर भुसा एवढ्या भांडवलावर त्यांनी दुसरा संसार थाटला. पहिल्या संसाराकडे, म्हणजे बायकोकडे, ते जेवायला येत.

मुलगी दूरच्या शहरात नोकरीला होती. एकदा फोनवर ती सहज बोलून गेली, की खोलीत खुर्ची नाही, पलंगावर बसूनच जेवते. झालं. त्या दिवसापासून कारखानदारांना घास गोड लागेना. पोर रजेवर आली की तिला खुर्ची करून द्यायची, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं. पोर आली. ते मागच्या खोलीत गेले, आणि रजा संपत आली तरी बाहेर आले नव्हते.

ती रोज चहा घेऊन दारात यायची. बाबा, येताय ना बाहेर, म्हणून विचारायची. आलोच, एवढा पाय तासून होऊ दे, असं ते म्हणायचे. रंध्याच्या आवाजात बोलणं जमायचं नाही. ती थोडी रेंगाळायची आणि रिकामा कप उचलून निघून जायची. अंथरुणाला पाठ टेकली की कारखानदारांचा जीव तुटायचा. उद्या हातात काही धरायचं नाही, पोरीशी पोटभर बोलायचं, असं ठरवून ते झोपत. आणि सकाळी उठून बघावं तर एक पाय सूतभर लांब निघे. आज ती निघाली होती. सामान दारात होतं आणि टॅक्सी यायची होती.

शिकंजे चोरीला गेले नव्हते. ते घरातच नोकरीला लागले होते. एक मोरीतल्या नळाच्या फुटक्या जोडावर होता, दुसरा स्वयंपाकघरातली फळी धरून होता, तिसरा पलंगाच्या निखळलेल्या पायाला होता. तिन्ही नेमणुका तात्पुरत्या होत्या आणि तिन्ही कायम झाल्या होत्या.

कारखानदार धावत स्वयंपाकघरात गेले. बायको तिथे प्रवासाचा डबा भरत होती. फळीच्या दिशेनं गेलेला हात तिनं बघितला.

"अहो, त्याला हात लावलात तर डब्यांसकट फळी माझ्या डोक्यावर येईल. मग मला चिकटवत बसा."

ते मोरीकडे वळले. नळाचा शिकंजा अर्धा फिरवला, तेवढ्यात पाण्याची चिळकांडी थेट त्यांच्या चष्म्यावर आली. आंधळ्यासारखं चाचपडत त्यांनी तो पुन्हा आवळला. पलंगावर मुलीची भरायची राहिलेली हातातली बॅग उघडी होती, त्यामुळे तिसऱ्याचा विचारच सोडून ते निथळत खोलीत परतले. पट्ट्या खाचांतून हळूहळू बाहेर सरकू लागल्या होत्या.

"अगं, इकडे ये जरा. एवढं दाबून धर."

मुलगी प्रवासाच्या कपड्यांत आली, खाली बसली आणि तिनं खुर्चीला मिठी मारली. पुढचे पाय तिच्या ताब्यात गेले तसे मागचे फाकले. तिथे कारखानदार स्वतः बसले. मग पाठीची पट्टी उचकटली. बायकोला हाक गेली. ती हात पुसत, आयुष्यात एकदा तरी वेळेवर काही झालंय का, असं विचारत आली, आणि कोपऱ्यातलं काहीतरी ओढून त्यावर टेकून बसली.

एक सांधा उरला होता. नेमके त्याच वेळी शेजारचे मास्तर मागच्या दारातून डोकावले. त्यांच्या कपाटाचा खण मागच्या हिवाळ्यापासून दुरुस्तीसाठी इथे मुक्कामाला होता. खण झाला का, एवढं विचारेपर्यंत त्यांचे दोन्ही तळवे खुर्चीला टेकवले गेले होते.

"किती वेळ, कारखानदार?"

"सोडायचं नाही बघा, मास्तर. सोडलं की गेलं."

चौघं गुडघ्याला गुडघा लावून भुशात बसले. बाहेर मुलीचा फोन वाजायला लागला. टॅक्सीवाला असणार, हे चौघांनाही कळलं आणि कुणालाच उठता येईना. फोन वाजून वाजून थकला.

मग खोलीत शांतता झाली. रंधा नाही, करवत नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कारखानदारांसमोर मुलगी होती आणि त्यांचे हात अडकलेले होते. जवळून बघितलं तर तिच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं. त्यांना ते दिसलंच नव्हतं.

"बाबा, एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "रोज सांगायला यायचे."

"बोल की."

"मला आणखी लांब पाठवतायत. मोठी जागा आहे, नाही म्हणवत नाही. पण मग असं मनात आलं की निघाले, तसं नाही जमणार. वर्षातून एकदा, फार तर."

कारखानदारांनी पट्टी जास्तच जोरात दाबली. चांगलं आहे, मोठी जागा म्हणजे चांगलंच, असं ते म्हणाले. चष्मा नाकावरून घसरायला लागला आणि सावरायला हात मोकळा नव्हता. बायकोनं कोपरानं तो वर सारला. स्वतःच्या डोळ्यांना पदर लावायला तिचाही हात मोकळा नव्हता. मास्तर छताकडे बघत राहिले.

त्यानंतर मुलगी बोलत सुटली. खोलीत संध्याकाळी एवढं शांत असतं की शेजारच्यांचं भांडणसुद्धा ऐकावंसं वाटतं. भात अजून गिचकाच होतो. एकदा ताप आला होता, घरी कळवलं नाही. तापाचं ऐकून बायको संतापली, पण हात न सोडता संतापली. मग मुलगी साहेबांची नक्कल करायला लागली आणि मास्तर इतके हसले, की त्यांचा सांधा सरकला आणि सगळ्यांनी मिळून त्यांना दटावलं.

टॅक्सीवाला शेवटी आत आला. चार माणसं एका खुर्चीला घट्ट धरून बसलेली बघून तो दारातच थबकला. कुणाला लागलंय का, असं त्यानं अदबीनं विचारलं. मुलीनं सांगितलं, की खुर्ची वाळतेय. त्यानं घड्याळ बघितलं आणि बस आता मिळायची नाही, असं सांगितलं. मुलगी म्हणाली, मग संध्याकाळच्या बसला सोडा. कारखानदारांनी मान खाली घातली, कारण त्यांच्या तोंडावर हसू आलं होतं आणि ते बरं दिसलं नसतं.

खुर्ची कधी वाळली हे कुणी विचारलं नाही. मास्तरांना भूक लागली तेव्हा सगळे उठले.

संध्याकाळी टॅक्सी पुन्हा आली. खुर्ची टपावर चढली. बांधायला दोरी हवी होती. दोरी घरात नाही, असं कारखानदार जरा घाईनंच म्हणाले. तोवर बायको आत जाऊन दोरीचं जाडजूड वेटोळं घेऊन आली. टॅक्सीवाल्यानं खुर्चीच्या पायांभोवती दोरीचे वेढे दिले, मध्ये एक काठी खुपसली आणि पीळ दिला. दोरी कचकन आवळली. चारही पाय हलायचं नाव घेईनात.

मुलगी बघत होती. कारखानदार दुसरीकडे बघत होते.

"सकाळी असं केलं असतं तर चौघांची गरज नव्हती, बाबा."

"नव्हती."

"माझी लहानपणीची लाकडी घसरगुंडी तुम्ही अशीच चिकटवली होती. पीळ मी दिला होता."

"मग बोलली का नाहीस सकाळी?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले. नंतर वाटलं, आता तुम्ही बोलूच नये."

"बोलतील कसे?" बायको म्हणाली. "दोरी शोधायला लागले असते तर? म्हणून मी तिच्यावरच बसले होते. चांगली रुतत होती."

मुलगी दोघांच्या गळ्यात पडली आणि बराच वेळ सुटली नाही. मग टॅक्सी निघाली. टपावरची खुर्ची कोपऱ्यापर्यंत दिसली, मग तीही दिसेनाशी झाली. दोघं फाटकाशी उभी राहिली. आत जावंसं कुणालाच वाटत नव्हतं.

"एका खुर्चीनं काय होतंय," कारखानदार म्हणाले. "कुणी आलं तर बसवायचं कुठे? दुसरीही करायला हवी. उद्याच घेतो कापायला."

"घ्या," बायको म्हणाली. "कापून, तासून सगळं तयार ठेवा. पण चिकटवायचं मात्र ती आल्यावर."