अस्वलरावांची टू-सीटर

एका जंगलात, मुलांनो, अठ्ठावन्नावे वर्ष लागले की प्राणी अचानक निरुपयोगी होत असत.

आदल्या संध्याकाळपर्यंत ते फार महत्त्वाचे असायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नसायचे. याला त्या जंगलात सेवानिवृत्ती म्हणत. तुमच्याकडेही तसेच म्हणतात का? मग नीट ऐका.

त्या जंगलात अस्वलराव नावाचे एक अस्वल होते. ते मधखात्यात साहेब होते. जंगलातला सगळा मध गोळा करायचा आणि सगळ्या प्राण्यांना सारखा वाटायचा, हे त्या खात्याचे काम. मध गोळा होत असे. वाटपाचा विचार चालू असे. अस्वलाला मधखात्यात कोणी नेमले, असले प्रश्न विचारू नका. मोठे झालात की आपोआप कळेल.

निरोप समारंभात अस्वलरावांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे घड्याळ मिळाले. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचे नाही त्याला घड्याळ का देतात, हे मात्र मोठा होऊनही मला कळलेले नाही.

दुसऱ्या दिवशी अस्वलराव नेहमीच्या वेळी उठले. अंघोळ केली, भांग पाडला आणि फाटकापर्यंत गेले. तिथे त्यांना आठवले, की पुढे जायचे नाही. ऑफिसला निघालेली हरणे आणि रानडुकरे समोरून गेली. दोघा-तिघांनी नमस्कारही केला. अस्वलराव खूप वेळ तसेच उभे राहिले. मग आत येऊन खुर्चीत बसले. त्यांना रडू येत होते. मोठ्या प्राण्यांना रडू आले की ते रडत नाहीत, घरातल्यांच्या चुका काढतात.

त्यांनी स्वयंपाकघरापासून सुरुवात केली.

"अगं, कुकरला तीन शिट्ट्या कशासाठी? दोनांत होत नाही?"

"तुरीची डाळ आहे ती, अहो," मधुमालतीबाई म्हणाल्या. मधुमालतीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी.

"ते कळलं. पण तीनच का? कोणी ठरवलं?"

मधुमालतीबाईंनी आजवर शिट्ट्या ठरवून घेतल्या नव्हत्या, नुसत्या ऐकल्या होत्या. त्या कोथिंबीर निवडू लागल्या. अस्वलरावांना वाटले, मुद्दा पटला. मग त्यांनी झारे उंचीप्रमाणे टांगले. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. 'नित्य', 'प्रासंगिक' आणि 'क्वचित' असे डब्यांचे तीन वर्ग केले. मेथीदाण्याचा डबा 'क्वचित'मध्ये गेला आणि फळीच्या अगदी वरच्या कोपऱ्यात जाऊन बसला, कारण मेथीचे लाडू काय ते थंडीत होणार.

महिनाभर हे चालले. मग एका सकाळी मधुमालतीबाईंनी हातातली पळी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "आजपासून तुम्ही या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. चहा बाहेर मिळेल."

एवढे बोलून त्या चपला घालून तडक तरसभाईकडे गेल्या. तरसभाई जंगलातला भंगारवाला.

"भाऊ, मला काहीतरी मोठं द्या. मोडलेलं."

"किती मोडलेलं पाहिजे, वहिनी?"

"तुमच्याकडं सगळ्यात जास्त जे मोडलंय, ते."

तरसभाईने पाठीमागून एक गाडी ओढून आणली. खूप वर्षांपूर्वी कुणा हौशी राजपुत्र सिंहाने ती शर्यतीसाठी घेतली होती. नाक लांबलचक, टप नाही, आणि सीट दोनच. एके काळी ती लाल होती म्हणे. आता तिच्या इंजिनातून घाणेरीचे झुडूप वर आले होते आणि डिकीत मुंगसाचे बिऱ्हाड होते.

"ही कशाला आणलीस?" दारात उभी राहिलेली ती गाडी पाहून अस्वलराव म्हणाले.

"मी नाही, तरसभाईंनी आणली. पण परत न्यायला सांगते. तुम्हाला काही ती जमायची नाही."

अस्वलरावांनी लगेच बाह्या सरसावल्या.

मुलांनो, इतकी वर्षे अस्वलरावांनी फक्त सह्या केल्या होत्या. कोणता पाना कोणत्या नटाला लागतो, हे त्यांना ठाऊक नव्हते. पण त्यांनी मुंगसांना अदबीने दुसरी जागा शोधून दिली, घाणेरी उपटली आणि गाडी खोलायला घेतली. एकेक भाग रॉकेलमध्ये धुऊन जुन्या वर्तमानपत्रावर मांडला. गिअरबॉक्स खोलून परत बसवली, तेव्हा चार नट उरले. पुन्हा खोलली. या वेळी एक कमी पडला. अस्वलरावांना याचा इतका आनंद झाला, की त्या दिवशी ते जेवायला विसरले.

त्यांच्या नखांत ग्रीस बसले. अंगाला रॉकेलचा वास येऊ लागला. पॉलिश पेपर घासताना ते गाणे गुणगुणत. सकाळी उठले की कुठे जायचे, हे त्यांना पुन्हा माहीत होते.

जेवताना ते फक्त गाडीबद्दल बोलत.

"ही कॉइल असते ना, तिच्यातून एक जाड वायर निघते. ती जाते डिस्ट्रिब्युटरला. आणि त्याच्या आत, टोपणाखाली, एवढासा रोटर फिरतो. तो एकेका प्लगला ठिणगी वाटत जातो. सगळ्यांना सारखी! कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही. आहे की नाही कमाल?"

"भात वाढू?" मधुमालतीबाई विचारत.

घर शांत होते. कुकर हव्या तितक्या शिट्ट्या देत होता.

पण मुलांनो, जंगलात एक कोल्हेसाहेब असतातच. हे कोल्हेसाहेब ज्येष्ठ प्राणी संघाचे अध्यक्ष होते. 'निवृत्तीनंतरचे सोनेरी दिवस' या विषयावर ते गावोगाव भाषणे देत. स्वतः ते कधीच निवृत्त झाले नव्हते. त्यांनी गाडी पाहिली आणि डोळे मिटून म्हणाले, "वा! समाधान म्हणतात ते हेच. कधी पूर्ण होणार?"

हा प्रश्न तोवर कुणी विचारला नव्हता. आता सगळेच विचारू लागले. भाजी आणायला जावे तर "झाली का गाडी?", केस कापायला बसावे तर "झाली का गाडी?" अस्वलराव भिडस्त होते. लोक इतके विचारतात म्हटल्यावर त्यांना काम उरकावेच लागले. गाडी झाली. तिला लाल रंग लागला. इंजिन एकदा सुरू करून पाहिले, तर ते असे गरजले की बाजूच्या झाडावरचे सगळे बगळे उडाले.

"आता थाटात पूजा करू," कोल्हेसाहेब म्हणाले. "पहिली फेरी तुम्ही आणि वहिनी मारा. आणि त्यानंतर तुम्ही मोकळेच! रोज सकाळी आमच्या हास्यक्लबला या. आपले गेंडोपंत येतात की."

गेंडोपंत तिथेच उभे होते. ते पाणवठा खात्यातून निवृत्त झाले होते. "हो, येतो मी," ते म्हणाले. "शिट्टी वाजली की हसायचं. पुन्हा वाजली की थांबायचं." त्यांचे डोळे मात्र अगदी कोरडे होते.



त्यानंतरचे दिवस वाईट गेले. पुसलेली काच अस्वलराव पुन्हा पुसत. घट्ट नट आणखी घट्ट करू पाहत. गाणे बंद झाले. आणि पूजेच्या आदल्या दिवशी ते हळूच स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत, पण तिथूनच म्हणाले, "अगं, त्या झाऱ्यांचा क्रम बदललेला दिसतोय."

फोडणी करणाऱ्या मधुमालतीबाईंचा हात जागच्या जागी थांबला. मोहरी जळली.

पूजेला सारे जंगल लोटले. गाडीला झेंडूचा हार घातला. बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढले. चारही चाकांखाली लिंबे ठेवली. नारळ फुटला. मधुमालतीबाई नवे लुगडे नेसून एका सीटवर बसल्या, अस्वलराव दुसरीवर. कोल्हेसाहेबांचे भाषण झाले. आता गाडी पुढे जाणार, लिंबे चिरडणार आणि सगळ्यांना पेढे मिळणार, म्हणून सगळे टाळ्या वाजवायला तयार झाले.

अस्वलरावांनी किल्ली फिरवली.

घर्र घर्र घर्र. आणि शांत.

पुन्हा फिरवली. पुन्हा तेच. अस्वलरावांनी कपाळाला हात लावला. फार सुंदर लावला. मधखात्यात इतकी वर्षे वाटप का झाले नाही हे सांगताना ते असाच लावत.

खरे काय ते तुम्हाला सांगतो, पण कुणाला सांगू नका. त्या पहाटे अस्वलरावांनी स्वतःच डिस्ट्रिब्युटरचे टोपण उघडून रोटर काढून घेतला होता आणि टोपण पुन्हा लावले होते. बाहेरून काही दिसण्यासारखे नव्हते.

"बॉनेट उघडून बघा ना," कोल्हेसाहेब म्हणाले.

अस्वलराव निवांत उठले, बॉनेट उघडले, आत पाहिले, आणि त्यांचा आ वासला. हा अभिनय नव्हता. कॉइलची वायर जागेवर नव्हती.

त्यांनी सगळ्यांकडे पाहिले. मग मधुमालतीबाईंकडे पाहिले. त्या मान खाली घालून पूजेच्या ताटातली हळद सारखी करत होत्या.

"काय झालं हो?" गेंडोपंतांनी विचारले.

"काही खरं नाही. सगळंच खोलावं लागणार," अस्वलराव म्हणाले.

"कधी होईल मग?"

"तसं सांगता नाही येणार." त्यांचा आवाज जरा जास्तच आनंदी होता. गर्दीत फक्त एकीच्या ते लक्षात आले.

पेढे खाऊन, हळहळून जंगल पांगले. मधुमालतीबाई पाहुण्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेल्या. ती संधी साधून अस्वलराव त्या दिवशी दुसऱ्यांदा चोरून स्वयंपाकघरात शिरले. स्टूल ओढले, वर चढले, मेथीदाण्याचा डबा उघडला. आपल्याला तर इकडे बंदी, शिवाय उन्हाळ्यात हा डबा कोण काढतो, म्हणून त्यांनी रोटर तिथे ठेवला होता. रोटर होता. त्याच्या शेजारी, नीट वेटोळे करून, कॉइलची वायर होती.

"स्टूल डुगडुगतंय. धरा नीट," मागून आवाज आला.

अस्वलराव वळले. "ही वायर तू काढलीस?"

"आणि तो रोटर?"

अस्वलरावांनी वायरचे वेटोळे उचलून पाहिले. मग म्हणाले, "पण तुला कसं कळलं, नेमकी कोणती वायर काढायची ते?"

"रोज जेवताना सांगत होतात की."

"तू तर भात वाढू का म्हणायचीस."

"भातही वाढायचा असायचा."

अस्वलराव खाली उतरले आणि स्टुलावर बसले. डबा मांडीवर होता. "मला भीती वाटत होती," ते म्हणाले. "परत त्या फाटकाशी जाऊन उभं राहायची."

"मलाही," मधुमालतीबाई म्हणाल्या. "तुम्ही परत इथं येऊन उभं राहायची."

मग दोघे हसले. शिट्टी वगैरे न वाजता हसले, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. इतक्या वर्षांच्या संसारात दोघांनी एकाच वेळी, एकमेकांना न विचारता, एकच गोष्ट केली असे कधी झाले नव्हते. त्या दिवशी संध्याकाळचा चहा त्यांनी गाडीत बसून घेतला. गाडी जागची हलली नाही. हार होता, लिंबेही चाकाखाली जशीच्या तशी होती. सीट दोनच होत्या, आणि पुरल्या.

दुसऱ्या दिवशी अस्वलरावांनी गाणे गुणगुणत इंजिन खोलायला घेतले.

आठवड्याने गेंडीणबाई दबकत दबकत मधुमालतीबाईंकडे आल्या. मागे वळून कोणी ऐकत नाही ना ते पाहिले आणि म्हणाल्या, "वहिनी, तो तरसभाई आणखी एखादी गाडी देईल का हो? आमच्यांनी काल पोळ्या मोजायला घेतल्यात."

"विचारते ना."

"कुठलीही चालेल. फक्त दुरुस्त होण्यासारखी नको."

तात्पर्य : मुलांनो, हाती घेतलेले काम कधीही तडीस नेऊ नये. चुकून पूर्ण झालेच, तर त्यातली एखादी वायर काढून ठेवावी. आणि ती अशा डब्यात ठेवावी, की शोधायला गेल्यावर घरातले दुसरे माणूसही तिथेच भेटेल.